ठेवला असता तर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजातल्या सरांनी पेशंटच्या पाहणीच्या कामावर घेतलं तेव्हा मला फार मोठं काही मिळाल्यासारखं वाटलं होतं. काम साधं होतं. नातेवाइकांनी सही करून दवाखान्यातून मधूनच घरी नेलेले पेशंट पुढे जगले की वारले, एवढं विचारायचं. फोन लागला नाही तर गावी जायचं. सर बजावायचे, "आपण फक्त नोंद करणारे. अमक्यामुळे अमका मेला, असं एकेकट्या माणसाबद्दल आपल्याला सांगता येत नाही." हे वाक्य मी पाठ केलं होतं.

डोंगरकडा गावाच्या पुढे, मेंढरं राखणाऱ्यांच्या एका वस्तीवर मी गेले. पेशंट पस्तिशीचा, लिव्हर खराब झालेलं. त्याच्या केसपेपरची प्रत माझ्या पिशवीत होती. शेवटच्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात होतं: सुधारण्याची आशा नाही, नातेवाइकांना कल्पना दिली. त्याखाली छापील मजकूर, 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, माझ्या जबाबदारीवर नेत आहे.' आणि बायकोची सही.

त्याला घरी आणलं त्याच दिवशी तो गेला होता. हे त्याच्या आईने सांगितलं. सून दाराच्या आत, मांडीवर लेकरू घेऊन बसली होती.

"बरं झालं आल्या म्याडम," म्हातारी म्हणाली. "हिला घरात ठेवायची का न्हाई, तेच चालू हाये आमचं. हिनं सही करून माझं लेकरू उचलून आणलं."

सून आतून म्हणाली, "आत्याबाई, तुमीच म्हणल्या फोनवर, माझ्या लेकाला घरी आणा, घरचं पाणी तोंडात पडू द्या."

"म्हणलं की! आई हाये मी, म्हणणारच. सही काहून केलीस? दोन इयत्ता शिकली म्हणून?"

तिथे चारदोन बायका होत्या. त्यातली एक हसली.

सून उठून माझ्यापुढे आली. "ताई, तुमी शिकलेल्या. तुमच्याकडं कागद हायेत. समद्यायच्या पुढं सांगा. दवाखान्यात ठेवला असता तर वाचला असता का हो?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण केसपेपरमधलं कुणाला सांगायचं नाही, असा नियम होता. खरं सांगायचं तर तेव्हा नियमाचीही तितकी आठवण नव्हती. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला सरांसारखं बोलायचं होतं.

मी म्हणाले, "तसं नेमकं सांगता येत नाही."

म्हातारीने टाळी वाजवली. "ऐकलं? न्हाई म्हणल्या का त्या? न्हाई म्हणल्या न्हाईत!"

"तसं नाही आजी, मला म्हणायचंय की..."

"बराबर हाये बाई, तुमी कशाला कुणाच्या घरच्या भानगडीत पडता. समजलं आमाला."

सून वळली. आत जाऊन तिने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि निघाले. पिशवी तशीच खांद्याला होती.

फॉर्ममध्ये मृत्यूची वेळ लिहायची राहिली होती. सरांच्या लक्षात आलं. दहाबारा दिवसांनी मी वस्तीवरून घेऊन आलेल्या, त्या सुनेच्या दिराच्या नंबरवर फोन केला. म्हातारीच बोलली.

"ती? न्हाई हितं. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. पोरगं ठेवून घेतलं आमी, आमच्या लेकाचं हाये ते. निवाड्याला चार माणसं बसली होती, तर म्या सांगितलं, कॉलेजातल्या म्याडमला बी इचारलं, त्यायला बी न्हाई म्हणवलं न्हाई. मग कोण काय बोलतंय!"

मागे लेकरू रडत होतं.  मी कामाचंच विचारलं, "आजी, तुमचा मुलगा किती वाजता गेला?"



"ते मला काय ठाऊक बाई. मी भाईर होते. उशाला तीच बसली होती."