रेडिओ आणि मातीचा श्वास

संशोधन शेतावर त्याला सगळे रेडिओ म्हणत. फक्त याला बंद करायचं बटण नव्हतं.

काम साधं होतं. जमिनीवर पालथा डबा ठेवायचा, त्याची नळी यंत्राला जोडायची, थोडं थांबून आकडा टिपायचा. मातीतून हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो, ते त्यातून कळे. शेताच्या एका तुकड्याला दुकानातलं पिशवीचं रासायनिक खत, दुसऱ्याला शेणखत. शेणखताचा तुकडा रेडिओचा लाडका. ते खत त्याने स्वतः कुजवलं होतं, तेही नाक न धरता.

आणि नेमका त्याच तुकड्याचा आकडा रोज वर. इतका, की पुढच्या हंगामात तो बंदच करावा, असं हे संशोधन चालवणाऱ्या मॅडमच्या मनात येऊ लागलं.

रेडिओच्या मेहुण्याला आयतं कोलीत मिळालं. त्याचं खताचंच दुकान. बहिणीकडे जेवायला आला की पहिल्या घासालाच सुरू होई.

“दाजी, माझ्या पिशव्या कशा गप्प असतात. तुमचं शेण मात्र धापा टाकतं.”

बायको मान खाली घालून हसे.

एका दुपारी मॅडम न सांगता शेतावर आल्या. रेडिओ शेणखताच्या तुकड्यात डब्यावर वाकून बसला होता. तिथे झाडाची सावली होती, म्हणून बायको जेवण घेऊन तिथेच येई. पिशवीच्या तुकड्यात रणरणतं ऊन. तिथला आकडा टिपून तो पळ काढी. इथे आकडा येईपर्यंत बायकोपुढे मेहुण्याचा यथासांग उद्धार चाले, आणि तोंड डब्याच्या कडेशी.

मॅडमनी कड चाचपली. शेणखताने माती भुसभुशीत झालेली. बोट कडेखालून सहज आत गेलं. त्यांनी रेडिओला लांब उभं केलं, गप्प केलं, कड दाबून धरली आणि पुन्हा मोजलं. आकडा खाली आला.

“इतके दिवस आपण मातीबरोबर तुमचाही श्वास मोजत होतो,” त्या म्हणाल्या.

रेडिओचा चेहरा उतरला. लाडक्याच्या मुळावर तोच उठला होता.

मग ठरलं, कड खोल रोवायची, तोंड बंद ठेवायचं, आठवडाभर नव्याने मोजायचं. तुकड्याचं काय करायचं ते त्यानंतर. सराव म्हणून रेडिओ घरीही गप्प राहू लागला. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधीच, मेहुणा कुंपणाशी हजर. दाजींची दातखीळ बसली का, शेणाने जीभ खाल्ली का, अशी त्याची टकळी सुरू झाली. रेडिओचे कान लाल झाले. ओठ हलले नाहीत. लांब झाडाखाली बायकोनेही श्वास रोखून धरला, जणू नळी तिलाच जोडली होती.

आकडा आला. पिशवीपेक्षा थोडा जास्तच, पण पूर्वीच्या निम्म्याहून कमी. मॅडम म्हणाल्या, ही माती शेणखत खातेय, म्हणून श्वास सोडतेय. खाल्लेल्यातला कार्बन पोटात किती उरतो, ते कळायला काही वर्षं लागतील. तोवर तुकडा राहील.

“म्हणजे जास्तच ना?” कुंपणापलीकडून आवाज आला.

रेडिओने डबा उचलला. नळी गुंडाळली. यंत्र बंद केलं. मग सावकाश कुंपणापर्यंत गेला.

“जास्तच. पण तुमच्या पिशव्या जिथे बनतात त्या कारखान्याचं धुराडं माझ्या डब्याखाली मावत नाही. आता ऐका.”

मेहुण्याचं दुकान त्या दिवशी संध्याकाळी उघडलं.