इनास रुमावांचा वरचा सूर

गुरुवारी ओल्गाने वडिलांचे केस कापले. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, गळ्याभोवती टॉवेल बांधून, दर दीड महिन्याने कापायची तसेच. इनास रुमाव एक्क्याऐंशी वर्षांचे. वसईजवळच्या गिरीज गावातून तरुणपणी जर्मनीत कारखान्यात कामाला आले, तिथल्या चर्चमध्ये गाताना कुणीतरी ऐकलं आणि ऑपेराच्या कोरसमध्ये शिरले ते कायमचेच. एकतीस वर्षं ते कधी शिपाई, कधी कैदी, कधी लग्नातले पाहुणे झाले आणि गर्दीत उभे राहून गायले. नायकाचं गाणं त्यांच्या वाट्याला एकदाच आलं, तेही अर्धंच.

ऐनवेळी नायकाचा घसा बसला तर तिकडे एक रीत आहे. नायक रंगमंचावर वावरतो, नुसते ओठ हलवतो. आणि दुसरा गायक एका कडेला, काळ्या सुटात, कागदांच्या स्टँडसमोर उभा राहून त्याच्यासाठी गातो. त्या संध्याकाळी कडेला इनास उभे होते. ओल्गा सोळा वर्षांची होती आणि वर बाल्कनीत बसली होती.

"बाय," कात्री कानापाशी आली तशी ते म्हणाले, "शेवटच्या अंकातला तो वरचा सूर. लागला होता ना?"

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून ऐकू येतो. सभागृहात काय पोचलं ते समोरच्यालाच ठाऊक. ओल्गाची आई त्या दिवशी इस्पितळात पाळीवर होती. समोर आपलं असं माणूस एकच.

"लागला होता हो पप्पा. किती वेळा सांगायचं?"

"अजून एकदा. म्हाताऱ्याला दुसरा धंदा काय?"

"मान हलवू नका, कान कापला जाईल."

"काप की. नाहीतरी ऐकू कुठे येतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामच्या थांब्यावर, बाकावर बसल्या बसल्या ते गेले.

आणि खरी गोष्ट अशी, की ओल्गाने तो सूर ऐकलाच नव्हता. मध्यंतरात ती कोट घालून निघून गेली होती. घरी आल्यावर वडिलांनी दारातच विचारलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "लागला." पुढे त्या एका शब्दावर म्हाताऱ्याने चाळीस वर्षं काढली.

वडिलांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेली मिसा, त्यांच्यासाठीची प्रार्थना, आटोपून ती त्यांच्या खोलीत येते. दुपार आहे, पण बाहेर उजेड राखेसारखा. बूट न काढताच ती पलंगावर आडवी होते. जरा डोळे मिटावेत, एवढंच मनात असतं. भिंतीपलीकडे शेजारीण नळ सोडते. पाण्याचा आवाज लांबत जातो, लांबत जातो, आणि मग तो आवाज स्वयंपाकघरातून येऊ लागतो.

तिथे इनास उभे आहेत. मिठाच्या पाण्याने गुळण्या करताहेत. केस नीट कापलेले. डाव्या कानामागे एक बट राहून गेलीय. ती तिचीच चूक.

"पप्पा, बोलू नका," ती घाईने म्हणते. प्रयोगाच्या दिवशी ते घरात एक शब्द बोलत नसत. मीठ हवं असलं तरी चिठ्ठी लिहीत.

"आता कसला घसा जपायचा, बाय?" ते हसतात. "चल, उशीर होतोय."

ती दार उघडते. बाहेर जिना नाही, गिरीजची केळीची बाग आहे. पाटाला पाणी सोडलंय, आणि ओल्या मातीतून इनास चकचकीत काळे बूट घालून चालताहेत. ती मागोमाग जाते. केळीची पानं जड होत जातात, मखमली होत जातात. एक पान बाजूला सारावं तर तो पडदा निघतो. ती दोघं रंगमंचाच्या कडेला उभी आहेत. समोर स्टँड आहे. त्यावर कागद नाहीत. सभागृहात सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी कोट.

"तू कुठे बसली होतीस?" इनास विचारतात.

"बाल्कनीत. तिसऱ्या रांगेत."

"कुठली खुर्ची?"

ती बोट दाखवते. सगळ्या सभागृहात तेवढ्याच खुर्चीवर कोट नाही.

इनास बराच वेळ तिकडे बघतात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तिथवर आवाज कसा पोचायचा?" ते म्हणतात. "मला आतून कळत नाही गं. तू सांग ना. लागला होता?"

ओल्गाला सांगायचंय. ती तोंड उघडते, ओठ हलवते. आवाज फुटत नाही.

"घसा बसला होय?" इनास कोटाची बटणं लावतात आणि स्टँडसमोर ताठ उभे राहतात. "काळजी करू नको. तू नुसते ओठ हलव. गातो मी."

ती ओठ हलवते. कडेने इनासांचा तरुण, भरदार आवाज उठतो: "लागला, पप्पा. लागला." आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून परत येतो. "लागला, लागला."

ती मान हलवते, जोरजोराने हलवते. हे नव्हे. मला हे म्हणायचं नव्हतं.

इनास थांबतात.

"मग तुझं तूच म्हण," ते हळूच म्हणतात. "एवढी वर्षं हेच पाठ होतं मला. दुसरं काही येत नाही."

कुठेतरी वाद्यं सुरू होतात. ते तिचा हात हातात घेतात आणि अंगठ्याने तळव्यावर ठेका देऊ लागतात. एक, दोन, तीन, चार. लहानपणी तिला चर्चमध्ये असंच शिकवायचे: कधी आत शिरायचं, कधी थांबायचं. अंगठा जोरात दाबला जातो. दुखतं.

"आता माझी गायची जागा आली, बाय. जातो."

"थांबा—"

पडद्याचं परत केळीचं पान होतं, आणि त्यामागे पाण्याशिवाय काही नसतं.

शेजारणीने नळ बंद केला तशी ओल्गा उठून बसते. खोलीत तीच राखाडी दुपार. उजवा हात अवघडलाय. ती तो खिडकीकडे धरते. तळव्याच्या मधोमध एक लालसर गोल वळ आहे, अंगठ्याएवढा, कडेला नखाची बारीक चंद्रकोर. तिची स्वतःची नखं तर मुळापासून कुरतडलेली. ती वळाकडे बघत राहते. तो हळूहळू फिका होत चाललाय.

तो पुरता जाण्याआधी ती बोलते. आवाज घोगरा येतो, पण येतो. आणि तो तिचाच असतो.

"पप्पा, मी नव्हते तिथे. तुम्ही कोपऱ्यात उभे होता आणि टाळ्या त्या दुसऱ्याला पडत होत्या. शेजारची बाई म्हणाली, तो काळा माणूस कोण? आणि मी म्हटलं, माहीत नाही. मग मला तिथे बसवेना. मी मध्यंतरातच उठून गेले. तो सूर मी ऐकला नाही, पप्पा. तो लागला की नाही, मला माहीत नाही."