कुंपणापलीकडचे बाबा

जस्ताच्या एका जुन्या टबात चार पाय होते. दोन गुलाबी, फुगीर, घोट्यापर्यंत उन्हानं भाजून लाल झालेले. आणि दोन सावळे, सडसडीत, पाण्यात किंचित वाकडे दिसणारे… गुलाबी पाय शेजारच्या मार्टिनचे, सावळे माझ्या बाबांचे. टबाशेजारी गवतावर गूजबेरीच्या पन्ह्याचे दोन पेले, वर एवढंसंही ढगाचं बोट न लागलेलं निळं आकाश, आणि दोन घरांमधल्या दाट हिरव्या कुंपणाच्या एका फटीला डोळा लावून बसलेली मी. कुंपणाला बारीक पांढरा मोहोर आला होता. त्याचा गोडसर, जरासा कुबट वास आजही कुठे आला की मी चालता चालता थांबते – कारण त्या वासात बाबांचं हसणं मिसळलेलं आहे. मान मागे टाकून, मांडीवर थाप मारून, मोठ्यानं. ते हसणं मी आमच्या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आयर्लंडमधल्या किलकेनीला आलो. बाबा तिथल्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर होते. आई मूळची पुण्याची, बोलकी, ती गमतीनं म्हणे, "ह्यांना औषध लागतच नाही. नुसते शेजारी बसले तरी पेशंट झोपतो." बाबा रागीट नव्हते, रुक्षही नव्हते, ते फक्त गप्प होते. ड्यूटीवरून आले की बूट जागेवर ठेवायचे, वरणभात जेवायचे, माझी वही उलटून पाहायचे आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून वर जायचे. शाळेत माझ्या मैत्रिणींचे आजीआजोबा फाटकाशी न्यायला येत, त्यांच्या तोंडी गायी, शेतं, चुलतमावसभावंडं यांच्या न संपणाऱ्या गोष्टी असत. मला वाटे, आपल्याकडेही असं काहीतरी असणारच. मी विचारी, "बाबा, तुम्ही लहान असताना काय करायचात?"

"चारचौघांसारखंच गं," बाबा म्हणत. तेवढंच.

आम्ही इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात नागपूरची आजी गेली. बाबांना वेळेत जाता आलं नाही. नंतर आजीचं ते दोन खोल्यांचं भाड्याचं घरही सोडून दिलं. तेव्हापासून घरात नागपूरचं नाव निघालं की बाबा उठून एखादी उघडी खिडकी लावत, नाहीतर लावलेली उघडत. मी आणि आईनं मग ते नाव काढणं हळूहळू थांबवलं होतं.

आणि मग तो जून आला. मी दहा वर्षांची होते. आयर्लंडमध्ये उन्हाळा म्हणजे एरवी पावसानं घेतलेली जराशी उसंत. पण त्या वर्षी ऊन आलं आणि मुक्कामालाच राहिलं. रस्त्याचं डांबर मऊ होऊन चपलांना चिकटायला लागलं. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये – इथे कपाटाला प्रेस म्हणतात – ठेवलेलं लोणी तेलासारखं वाहू लागलं. नळीनं बागेला पाणी घालायला बंदी आली, दुकानांतले पंखे संपले, आणि एरवी हवेबद्दल कुरकुरणारी माणसं आता उन्हाबद्दल त्याच उत्साहानं कुरकुरू लागली.

एका सकाळी मार्टिन आमच्या दाराशी आला. तो पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. मूळचा पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातला. एका कानानं त्याला अजिबात ऐकू येत नसे, दुसऱ्यानं बेताचंच. आईनं मला त्याला 'मार्टिनकाका' म्हणायला शिकवलं होतं आणि त्याला ते भारी आवडायचं. कपाळावरचा घाम पुसत तो बाबांना म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही गरम मुलखातले. असल्या उन्हात तुम्ही लोक करता तरी काय?"

बाबा म्हणाले, "खिडक्या बंद करा."

"बंद? मी तर सगळ्या सताड उघडल्यात!"

"तेच चुकतंय. पहाटे उघडायच्या, दिवसभर बंद. आणि एक चादर ओली करून दाराला लावा." बाबा चक्क बाहेर गेले, मार्टिनच्या घरात शिरले, आणि स्वतः चादर पिळून त्याच्या मागच्या दाराला बांधून आले. आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या निम्म्या दारांवर ओल्या चादरी डुलू लागल्या. मार्टिननं परतफेड म्हणून परसातल्या हिरव्या, आंबट गूजबेरी भरून टोपली पाठवली. कैरी नव्हती, आईनं त्याच उकडल्या, गूळ-वेलची घालून पन्हं केलं, वर चिमूटभर मीठ. मार्टिननं पेला एका दमात रिकामा केला आणि ओठ पुसत म्हणाला, "ग्रँड!"

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी बाबा कुंपणापलीकडे जायला लागले. मार्टिनला ऐकू यावं म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागे – आणि म्हणूनच ते सगळं मला ऐकू आलं.

नवतपा म्हणजे मे अखेरीचे भाजून काढणारे नऊ दिवस, हे मला तेव्हा कळलं. बाबांची आई दुपारी फरशीवर पाणी ओतून मुलांना त्या ओल्या गारव्यात झोपवायची, हे कळलं. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की खोलीभर कसा वास सुटतो, ते सांगताना बाबांनी डोळे मिटून श्वास ओढला आणि मार्टिननंही ओढला, जणू तो वास किलकेनीपर्यंत आला होता. बाबा शाळेत जाताना आजी त्यांच्या खिशात कांदा ठेवायची, ऊन लागू नये म्हणून. आणि वर्गातल्या मुलांनी त्यांचं नाव कांदा पाडलं होतं. संध्याकाळी ती अंगणात सडा घालायची, बाजा टाकायची, आणि उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवून आंब्याच्या कोयी चोखणाऱ्या मुलांना तारे मोजायला लावायची, म्हणजे ती गप्प पडतील… हे सगळं इंग्रजीत. इस्पितळातल्या स्वच्छ, इस्त्रीच्या इंग्रजीत नव्हे – हात उडवत, शब्द सापडला नाही तर चित्र काढत.

मी कुंपणाच्या मुळाशी, मुंग्यांच्या शेजारी बसून ऐकत राहिले, आणि माझ्या छातीत एक हिरवा, आंबट, कच्चा राग पिकत राहिला. ती माझी आजी होती! तो कांदा, तो तांब्या, ते तारे – सगळं माझ्या हक्काचं होतं, आणि ते एका लाल पायांच्या, अर्धवट बहिऱ्या माणसाला मिळत होतं, ज्यानं ते मागितलंही नव्हतं. मार्टिन हसला की मला वाटे, तो माझ्या ताटातलं खातोय.

एकदा धीर करून मी कुंपणातून पलीकडे घुसले आणि टबाशी जाऊन बसले. बाबा आजीच्या कुरडयांबद्दल बोलत होते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळे बसू नयेत म्हणून काळा कपडा कसा बांधायचा, ते सांगत होते. मला पाहिलं आणि वाक्य अर्ध्यावर थांबलं.

"मनू, टोपी कुठाय? ऊन लागेल. जा, घरात जा."

मी गेले. मग, मी स्वयंपाकघरात पोचले तेव्हा, पुन्हा ते हसणं.

आई कणीक मळत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, वेडी आहेस. पण ती कणकेत बोटं रुतवून उभी राहिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मलाही कधी नाही सांगितलं गं त्यांनी. म्हणून तर मी वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर घालायला जाते."

मी बाहेर पाहिलं. कुंपणालगतच्या दोरीवर कालचेच टॉवेल होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या घरात जळणारी मी एकटी नाही.

जूनच्या अखेरीला मार्टिननं सगळ्या गल्लीला परसात बोलावलं. त्याच्या मुलखात सेंट जॉनच्या संध्याकाळी, उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, होळी पेटवतात. किलकेनीतल्या शेजाऱ्यांना त्याचं अप्रूपच होतं. त्यानं वाळक्या फांद्या, जुन्या खुर्चीचे पाय, उपटलेलं तण असं सगळं रचलं होतं. रात्रीच्या जेवणाची वेळ कधीच टळली होती, तरी आकाश दुधासारखं उजळ होतं, आणि कापलेल्या गवताचा वास धुरात मिसळत होता.

"आमच्याकडे प्रत्येक टेकडीवर जाळ दिसायचा," मार्टिन सगळ्यांना सांगत होता. "गुरं धुरातून न्यायची. आणि माझी आई एक निखारा उचलून शेताला फेरी घालायची – पिकाला दृष्ट लागू नये म्हणून."

"आमची होळी उन्हाळ्याच्या तोंडाशी," बाबा त्याच्या बऱ्या कानाशी ओरडले, "तुमची पोटात!" सगळे हसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला तर हे ऊन म्हणजे थंडीच वाटत असेल?" बाबा नुसतेच हसले आणि पुन्हा मार्टिनकडे वळून त्याला काहीतरी सांगू लागले. मला राहवेना.

"बाबा, मला ती कांद्याची गोष्ट सांगा ना," मी मराठीत म्हटलं. "मार्टिनकाकांना सांगितलीत ती."

बाबा दचकले. आगीच्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसला. त्यांनी मला बाजूला घेतलं, गवतावर बसवलं, आणि एका काटकीनं कडेची राख उकरू लागले.

"मार्टिनला सांगणं सोपं आहे गं," ते म्हणाले.

"का?"

"इंग्रजीत सांगितलं की ती दुसऱ्याच कुणाची तरी आई वाटते. मराठीत सांगायला गेलो तर…" त्यांनी काटकी जाळात टाकली. "तर तिचाच आवाज ऐकू येतो."

"मग मला इंग्रजीत सांगा."

ते हसले. खरंच प्रयत्न केला त्यांनी. "माय मदर…" म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिल्यावर ते इंग्रजीही मराठीच झालं असावं. मग त्यांनी राखेत भाजायला ठेवलेला एक नवा बटाटा ओढून काढला, फुंकर घालत सोलला, आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो इतका गरम होता की मला या हातातून त्या हातात नाचवावा लागला. मी तो मीठ न लावता खाल्ला. तेवढंच मला मिळालं.

पुढच्या आठवड्यात ढग आले, दारांवरच्या चादरी उतरल्या, आणि बाबा पुन्हा बूट जागेवर ठेवणारे बाबा झाले. सुट्टीच्या दिवशी कुंपणापलीकडे जात राहिले मात्र – वर्षानुवर्षं. पण मार्टिननं कानात यंत्र बसवून घेतलं, आणि मला काही ऐकू येईनासं झालं.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. आई पुण्याला मावशीकडे असते. मी राजधानीजवळच्या सँडीफोर्डला एका काचेच्या इमारतीत नोकरी करते, आणि जमेल तेव्हा किलकेनीला जाते – आमचं घर विकलंय, तरी जाते. मार्टिन आता फार म्हातारा झालाय, गुडघे धरलेत, पण बोलणं शाबूत आहे. मी त्याच्या स्वयंपाकघरात बसते आणि तो मला माझ्या आजीच्या गोष्टी सांगतो. कधीकधी त्यात घोळ होतो. आजी नागपूरच्या दोन खोल्यांबाहेर निखारा घेऊन शेताला फेरी घालते, मेयोच्या टेकडीवर वाळ्याचा वास येतो. मी त्याला दुरुस्त करत नाही. कुठे त्याची आई संपते आणि कुठे बाबांची सुरू होते, ते मला तरी कुठे नीट ठाऊक आहे? तो गोष्टीत रमतो, डोळे मिटून हसतो, आणि मी, तिशी ओलांडलेली बाई, त्याच्यासमोर बसून अजूनही जळत असते.

गेल्या खेपेला मी निघाले. तो काठी टेकत दारापर्यंत आला, माझा हात हातात घेतला, आणि एकेक अक्षर जपून ठेवल्यासारखं, मराठीत म्हणाला –

"ऊन उतरू दे, मंग जाजो रे."

मी उंबऱ्यावरच थांबले. आमच्या घरात हे नागपूरकडचं 'जाजो' कुणी म्हणत नव्हतं. आईच्या पुणेरी मराठीत ते नव्हतं, बाबांच्या जिभेवर मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. आणि तो हेल… तो ना मार्टिनचा होता, ना बाबांचा.

"हे कुठे शिकलात, मार्टिनकाका?"

"तुझे बाबा," तो म्हणाला. "मी आत जायला उठलो की दर वेळी म्हणायचे. कानात यंत्र आल्यावर ऐकून ऐकून पाठ झालं. तुमच्याकडचं गुडबायच ना हे?"

बाहेर ऊन नव्हतंच. करडं आभाळ दाटून आलं होतं, गाडीची वेळ होत आली होती.

"साधारण तसंच," मी म्हटलं. मग खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मार्टिन गोंधळला, आणि मग काठी भिंतीला लावून चहाची किटली ठेवायला वळला.