दादाच्या डोक्यावरची बत्ती

हैदराबादेतल्या माझ्या तारनाक्याच्या फ्लॅटची बाल्कनी जुन्या गॅसबत्त्यांनी भरलीय. जुन्या बाजारातून गंजलेली, चेपलेली बत्ती उचलून आणायची, टाकीला झाळ देऊन गळती बंद करायची, पंपाचं चामड्याचं वॉशर तेलात भिजवून बसवायचं, हा माझा रिटायर झाल्यापासूनचा उद्योग. बायको म्हणते, "लोक घरातला कचरा बाहेर टाकतात, आमचे हे बाहेरचा घरात आणतात." म्हणू दे. बत्ती म्हटलं की मला माझा थोरला भाऊ दिसतो, हे तिला सांगून काय उपयोग?

नांदेडकडच्या आमच्या गावात लग्नाची वरात निघाली की दादा डोक्यावर बत्ती घेऊन पुढे चालायचा आणि मी त्याच्या उजेडात मागे मागे. राजा वाटायचा मला तो. नोकरीसाठी हैदराबादला आलो, पोरंबाळं झाली, पण तो उजेड काही डोक्यातून गेला नाही.

यंदा दादा इथे दवाखान्यासाठी आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, हवं ते खाऊ घाला. दादाला आम्ही काही बोललो नाही, पण तो काय येडा आहे? बोलेना, जेवेना. मी एकच धोसरा घेतला, जायच्या आधी याच्या तोंडावर एकदा हसू बघायचं. दुसरं माझ्या हातात होतंच काय!

सगळ्यात चांगली बत्ती काढली. रॉकेलसाठी नारायणगुडा, हिमायतनगर पालथं घातलं. एक दुकानदार म्हणाला, "घासलेट? अब कां मिलता चाचा, घर जाके आराम करो." असा संताप आला मला. शेवटी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, त्यावरही बत्ती जळते.

संध्याकाळी दादाला बाल्कनीत खुर्चीवर बसवलं. नवं मेंटल, म्हणजे बत्तीची कापडी जाळी, बांधून जाळून घेतलं. जळलेलं मेंटल म्हणजे नुसती राख, पिशवीच्या आकारात लोंबणारी. जरा धक्का लागला की खलास. स्पिरिटनं नळी तापवली, पंप मारला, चावी फिरवली. सूं करत पांढराशुभ्र उजेड पडला. मी दादाकडे बघितलं. त्याची मान ताठ झाली होती आणि हात टाळूवर गेला होता.

"काय झालं, दादा?"

"वाटंत मेंटल पडलं की मजुरी जायची, वर शिव्या. चुंबळीतून डोकं भाजायचं. वरात नाचत थांबली की आम्ही तसंच उभं, मान हलवायची सोय न्हाई. अन् जेवाय समद्यांच्या शेवटी, गोठ्यापाशी."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू मागं हसत चालायचास. काय सांगू तुला?"

मी बत्ती विझवायला चावीकडे हात नेला, तर दादा म्हणाला, "राहू दे. तुला आवडती ना? बस तू." आणि भिंतीला धरत आत गेला, भिंतीकडेच तोंड करून झोपला.

बत्ती झकास जळत होती. कुठे गळती नाही, की काही नाही.

सकाळी उठल्या उठल्या तो म्हणाला, "मला गावी नेऊन सोड." नेऊन सोडलं. हसू बघायचं राहूनच गेलं, आणि आता ते दिसायचं नाही.