थोडंथोडं सगळ्यांनाच असतं

कासारवाडीत स्टेशनच्या अलीकडे अफताबचं दुचाकीचं गॅरेज आहे. हात चांगला, पण गिऱ्हाईक टिकलं ते जिभेमुळे. गाडी खोलता खोलता तो गाडीवाल्याला एखादं नाव देऊन मोकळा व्हायचा, आणि ज्याला नाव पडलं तोच सगळ्यांत जास्त हसायचा. पूर्वी ही नावं साधी असत. चक्रम, सणकी, अर्धवट. मग माणच्या आयटी कंपन्यांतली पोरं गाड्या घेऊन यायला लागली आणि त्यांच्या तोंडून त्याला नवा माल मिळाला. सकाळी सुरू होऊन दुपारी रुसणारी स्कूटर बायपोलर झाली. मॅच हरल्यावर गप्प बसणारा डिप्रेशनमध्ये गेला. जुन्या गावकीतले यशवंतराव बुलेटचा हॉर्न तिसऱ्यांदा बदलायला आले, तर त्यांनाही त्यानं बायपोलर करून टाकलं. म्हातारा खूश.

"व्हय, बायपोलर हाय मी. डाक्टर न्हाई, अफताब म्हनतोय," असं ते स्वतःच पारावर सांगत बसले.

घरात बायको होती, जमिला. तिच्या वाट्याला ओसीडी आलं.

कशानं सुरू झालं ते कुणालाच सांगता येत नाही. झोपण्याआधी गॅसचं बटण एकदा बघायची, ते तर प्रत्येक बाई बघते. मग परत उठून बघायला लागली. मग रिक्षात बसल्यावर उतरून घरी जाऊन यायला लागली. अफताब चारचौघांत सांगायचा, "आमच्याकडे गॅसला सिक्युरिटी आहे. ओसीडी कंपनीची." लोक हसायचे. जमिलाही ओढणी तोंडावर धरून हसायची, आणि तिथंच घात झाला. हसणाऱ्या बाईला काही दुखत असेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

बटणाला हात लागला की हात धुवायचे, धुतल्यावर शंका, शंका आली की पुन्हा बटण. बटणावरची अक्षरं पुसून गेली. बोटांची कातडी फाटली. लग्नकार्याला जाणं सुटलं, कुरुळीला माहेरी जाणंही सुटलं. अम्मीच अधूनमधून येऊन भेटून जायची. एकदा जमिलानं नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अहो, गॅस बंद आहे हे मला दिसतं. डोळ्यांना दिसतं. तरी आतून कुणीतरी म्हणतं, तुझ्यामुळे सगळी गल्ली जळून मरणार."

"तू विचार फार करतेस," अफताब म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडला.

बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. कातडीच्या डॉक्टरनं हात पाहिले आणि वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. जिना चढताना अफताब एकेका पायरीवर थांबत होता. आता कुठला भयंकर आजार निघतो, लोकांना काय सांगायचं, हेच डोक्यात. डॉक्टर वयानं लहान होती. तिनं जमिलाला बराच वेळ बोलू दिलं आणि मग सांगितलं, "यांना ओसीडी आहे."

अफताब खळखळून हसला. जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा. "अहो मॅडम, ते तर आम्हाला केव्हापासून माहितीये! थोडंथोडं सगळ्यांनाच असतं."

डॉक्टर हसली नाही. "यांचं थोडंथोडं नाही. हा आजार आहे. गोळ्यांना गुण यायला वेळ लागतो, मधेच बंद करू नका."

"बरं होतं हे?" जमिलानं विचारलं.

"खूप फरक पडतो. इतकी वर्षं सोसायची गरज नव्हती."

जमिलानं गोळ्यांची चिठ्ठी घडी करून ओढणीच्या टोकात बांधली. गोळ्या तिनं मन लावून घेतल्या. पण सुरुवातीला सुस्ती यायची, सकाळी उठवेना, डबा चुकायला लागला. अफताब म्हणाला, "सोड त्या. ओसीडीला कुणी गोळ्या खातं का?" गोळ्या बंद झाल्या. दुष्टपणा नव्हता त्यात. दुष्ट असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ईदला कुरुळीत मेव्हण्याच्या घरी त्यानं डॉक्टरणीचा किस्सा असा रंगवला की, अम्मीसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसली.

आणि उन्हाळ्यात एके सकाळी त्याच मेव्हण्याचा, नुमानचा, फोन आला. अम्मी गेली. दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजनंतर दफन.

जमिला रडली, बुरखा घातला, गाडीवर बसली आणि उतरून घरात गेली. परत आली, परत गेली. अफताबनं आधी सबुरीनं घेतलं. रेग्युलेटर काढून तिच्या हातात दिला. तरी भागेना. सिलिंडर उचलून बाहेर गॅलरीत ठेवला, तर तिला शेजारच्या पोरांची भीती. ऊन चढत होतं. शेवटी तो ओरडला.

"आई मेलीय तुझी! आज तरी ते नाटक बंद कर!"

ती उंबऱ्यावर बसली. "मला उचलून न्या हो. मी नाही म्हटलं तरी न्या. मला तिला बघायचंय."

त्यानं तिला धरून गाडीवर बसवलं. गल्लीच्या तोंडाशी पोचतात न पोचतात तोच ती चालत्या गाडीवरून उतरायला लागली. त्यानं ब्रेक दाबला. ती घराकडे धावत सुटली, मोठ्यानं रडत, अम्मीला हाका मारत. तेवढ्यात नुमानचा पुन्हा फोन. लोक जमलेत, किती थांबायचं? अफताब एकटाच निघाला. मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत अडकला, आणि हेल्मेटच्या आत रडला.

कुरुळीला तोंड उघडं ठेवून मय्यत थांबवली होती. लेकीसाठी. नुमानची बायको अलमास दारात आली.

"आपा कुठंय?"

त्याला खोटं बोलवेना. "तिला ओसीडी आहे," तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय."

अलमासच्या सुजलेल्या डोळ्यांत राग उतरला. "भाईजान, ओसीडी मलाही आहे. चादरीला सुरकुती चालत नाही मला. म्हणून काय आईचं तोंड बघायला यायचं नाही?"

"तसं नाही. हिचा आजार वेगळा आहे. खरा आहे." तो शब्द शोधत होता आणि सगळे त्यानंच हसण्यावारी घालवले होते. "गोळ्या होत्या तिला. मीच बंद केल्या."

बायकांत कुणीतरी चुकचुकलं, ते त्याच्यासाठी होतं की अम्मीसाठी, कळलं नाही. नुमान पुढे आला. आवाज चढवला नाही त्यानं.

"थोडंथोडं सगळ्यांनाच असतं, भाई," तो म्हणाला, आणि आईच्या उघड्या तोंडावर कफन ओढलं.

अफताबनं खांदा दिला, माती दिली, आणि संध्याकाळी घरी आला. जमिला ओट्याशी उभी होती, अंगावर बुरखा तसाच, हात ओले. सिलिंडर गॅलरीतच होता, ओट्यावर नुसती शेगडी. अम्मी कशी दिसत होती, ते तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, "मी का आले नाही म्हणून सांगितलंत?"

"ताप आला म्हणालो."

"तेच बरं," जमिला म्हणाली. "तापाचं लोकांना पटतं."