पान एकच मांडायचं

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात, भरल्या मांडवात, माईक हातात धरून मी माझ्या धाकट्या लेकराचं हसू केलं. मला कुणी तसं करायला लावलं नव्हतं. मी दारू पीत नाही, त्यामुळे तेही निमित्त नाही. लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे लिहिताना ते लपवायचा मोह होईल.

धाकट्यांबद्दल मी इथे ‘ते’ असं लिहिणार आहे. ते आले, ते म्हणाले. घरानं, शाळेनं, नातेवाइकांनी त्यांना जन्मापासून मुलगी म्हटलं. ते स्वतःला मुलगी समजत नाहीत, आणि मुलगाही समजत नाहीत. हे मला आजही पूर्ण कळलेलं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी मला सांगितलं तेव्हा न कळताही गप्प राहता आलं असतं, आणि तेवढंच त्यांनी मागितलं होतं.

मी वाशीमला एका कनिष्ठ महाविद्यालयात कारकून आहे. पण जिल्ह्यात मला लोक ओळखतात ते माईकवाला म्हणून. लग्न असो, तेरवी असो, सत्कार असो, सूत्रसंचालनाला मला बोलावतात. आवाज बरा आहे, पण खरं कसब आवाजाचं नाही, मानाचं आहे. वधूच्या थोरल्या मामांना आधी पुकारायचं की वराच्या आत्याच्या यजमानांना, कोणाला नुसतं ‘पाटील’ म्हटलेलं चालतं आणि कोणाला ‘साहेब’ लावलं नाही तर तो न जेवता निघून जातो, हे मला पाठ असतं. माझ्या माईकवरून कोणाचा मान गेला असं कधी झालं नाही, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगत असे.

लग्नाच्या काही दिवस आधी धाकटे हैदराबादहून आले. तिथे त्यांची नोकरी आहे. गच्चीवर लग्नाचे गहू वाळत घातले होते आणि संध्याकाळी आम्ही दोघं ते गोळा करून पोत्यात भरत होतो. पोत्याचं तोंड त्यांनी धरलं होतं, मी सुपानं ओतत होतो. तेव्हा त्यांनी ते सांगितलं, पोत्याकडे बघत, हळू आवाजात.

मी म्हटलं, “मंग आता तुले काय म्हनू?”

“तोंडावर तूच म्हना. पण माह्याबद्दल दुसऱ्या कोणाशी बोलसान तेव्हा ‘ते’ म्हना. ते हैदराबादले राहतात, ते उद्या येणार हायेत. असं.”

“म्हंजे मोठ्या मानसाले म्हनतो तसं? माह्या बापाले मी कधी ‘ते’ म्हटलं नाई. बुढा आला, बुढा जेवला, असंच म्हनत होतो. अन् तुले म्हनू?”

ते हसले. “आबानं मागितलं नसन. मी मागून राह्यलो.”

आमच्या भागात बायासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, त्यामुळे धाकटे कसे बोलतात याकडे घरात कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी माझं गेलं.

“अजून एक,” ते म्हणाले. “ताईच्या मांगं दिवा धरून मी उभं राहतो. तिनं सांगितलं हाय, मले आवडन. फक्त माईकवर करवली म्हनू नका. नाव घ्या, नाईतर काईच नका म्हनू. अन् बाबा, हे आईले थोडंसं माईत हाय अन् ताईले. बाकी कोणाले नाई. तुमच्याजवळच ठेवा.”

“ठेवतो,” मी म्हणालो. पोतं शिवून आम्ही खाली आलो.

घरात ज्यानं त्यानं आपापला रस्ता काढला होता. बायको पूर्वीपासूनच ‘लेकरू आलं, लेकरू निजलं’ असं म्हणायची, ती तसंच म्हणत राहिली. मोठी म्हणाली, “माझं काही नाही बाबा, पण सासरी कोणी विचारलं तर मी काय सांगू? एवढं लग्न होऊन जाऊ द्या.” मला मात्र राग आला होता. मुलगी नाही म्हणाले याचा नव्हे. माझ्याकडून मान मागितला, याचा. मान हा माझा प्रांत होता. तो मी ठरवून देत असे, मागून कुणी घेत नसे.

दुसऱ्याच दिवशी मी साउंडवाल्या मित्राजवळ ते बोलून गेलो. आम्ही कितीतरी लग्नं सोबत केलेली. बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा पिता पिता तो म्हणाला, “म्हंजे पोट्टी घरी आली की तू म्हनशील, ते आले! मंग वहिनी पानं किती मांडतीन बे, एक का दोन?” टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. नंतर दोन-तीन ठिकाणी तीच गंमत मी माझी म्हणून सांगितली. प्रत्येक वेळी हशा आला. लग्नाच्या दिवसापर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात घासून तयार झालं होतं.

लग्न उन्हाळ्यातलं. वरात उशिरा आली. माणसं उपाशी, कूलरमधलं पाणी संपलेलं. अंतरपाट धरला गेला आणि मामा मोठीला घेऊन आले. तिच्या मागे पांढरा कुर्ता-पायजमा घातलेले धाकटे, हातात शकुनाचा दिवा. बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. “हे कोन वं? नवरीले भाऊ तर नाई.” “अवं, धाकटी व्हय ते. पायजमा काहून घातला पोरीनं?” मला ते ऐकू आलं आणि अंगावरून शरमेची लहर गेली. मांडव शांत नव्हता, भटजी काहीतरी शोधत होते, आणि गडबडीत माणसांना हातात ठेवायचं हेच तर माझं काम.

मी माईक तोंडाजवळ धरला. “मंडळी, वधूच्या मागे दिवा घेऊन उभ्या आहेत त्या आमच्या करवलीबाई. यांना ‘ती’ म्हटलेलं चालत नाही, ‘ते’ म्हणायचं, असा हुकूम आहे! वाढप्यांनी मात्र गोंधळू नये. ‘ते’ आले असं सांगितलं, तरी पान एकच मांडायचं!”

अख्खा मांडव हसला. पाठीमागच्या रांगांतली माणसंही हसली. मी वळून पाहिलं नाही. लगेच अक्षता वाटण्याची सूचना केली आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

लग्न लागल्यावर पाहतो तर दिवा माझ्या मेहुण्याच्या बायकोच्या हातात होता. पंगतीत पोरं एकमेकांना ओरडून विचारत होती, “ते जेवले का बे?” ज्यांच्याबद्दल विचारत होती ते तोवर स्टेशनवर जाऊन बसले होते. मुलीची पाठवणी झाली तेव्हा बायको तिच्यासाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर धाकटे घरी आले नाहीत. माझा फोन उचलत नसत. आईशी बोलत. कामासाठी त्यांना अधूनमधून इंदूरकडे जावं लागे. ती गाडी वाशीमवरून अकोल्याकडे जाते. गाडी थोडा वेळ थांबते, तेवढ्यात बायको फलाटावर जाऊन डबा देऊन येई. मी तिला मोटारसायकलवर स्टेशनपर्यंत नेत असे आणि बाहेर मोटारसायकलजवळच उभा राहत असे. मला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये म्हणूनही म्हटलं नव्हतं. आतून गाडी आल्याची सूचना ऐकू यायची, मग शिट्टी, मग बायको पदरानं तोंड पुसत बाहेर यायची. मी विचारायचो, “कसं हाय?” ती म्हणायची, “चांगलं हाय. बारीक झालं.” मग आम्ही घरी यायचो. असं सगळं दुसऱ्या वर्षापर्यंत चाललं.

मग लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. आमच्याकडे जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचंच असतं. जावयांबद्दल एक सांगायला हवं. ते आमच्याच महाविद्यालयात शिकलेले. दाखल्यासाठी माझ्या खिडकीशी उभे असत तेव्हा मी त्यांच्यावर “काय रे, झेरॉक्स कुठाय?” असं खेकसलेलो आहे. पण सोयरीक जमली त्या संध्याकाळपासून ते ‘जावईबापू’ झाले, ‘तुम्ही’ झाले, ‘ते’ झाले. जीभ एकदाही अडखळली नाही.

त्या दिवशी ते अंगणात आले तसा मी आत आवाज दिला, “अवं, ते आले. पान मांड.”

ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. बायको पुरणाचे धोंडे तळणीतून काढत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुमी ‘ते आले’ म्हनलं. मी एकच पान मांडलं. बरोबर केलं ना?”

मी ताट उचललं आणि तुपाची वाटी शोधू लागलो.

“जावयाले एका रातीत म्हनाले लागले,” ती म्हणाली. “पोटच्या लेकराले तुमची जीभ वळली नाई. न्या ते ताट, थंडं होऊन राह्यलं.”

जेवणं झाल्यावर जावयांनी लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला. मोठी तो भाग नेहमी पुढे ढकलते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं ढकलला नाही. रिमोट मांडीवर ठेवून बसून राहिली. पडद्यावर मी होतो, फेट्यात, घामेजलेला. माझा आवाज ऐकला. किती खूश आवाज होता तो. मग हशा आणि कॅमेरा स्टेजकडे वळलेला. मी वळून पाहिलं नव्हतं ते तिथे होतं.

धाकटे हलले नाहीत आधी. मग एका हातानं ज्योतीला आडोसा केला. कूलरचं वारं स्टेजवर येत होतं. बहिणीच्या डोक्यामागचा शकुनाचा दिवा विझू नये म्हणून तो हात तसाच धरून ते मामीजवळ गेले, दिवा तिच्या हातात नीट दिला, तिचाही हात ज्योतीपुढे धरायला लावला, आणि मगच पायऱ्या उतरले. माझी मंगलाष्टकं तोवर सुरू झाली होती.

जावई खाली बघत मला म्हणाले, “मामा, अंतरपाटापलीकडून मीही हसलो होतो.” मोठीनं टीव्ही बंद केला.

मला वाटलं होतं की माफी मागायची तर माईकवरूनच, जिथे केलं तिथेच. एखाद्या लग्नात चार वाक्यं बोलायची. मी ती मनात जुळवलीही होती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “पुन्हा लोकायसमोरच? लेकराच्या नावावर अजून एकदा टाळ्या घेता काय?” मी ती वाक्यं सोडून दिली.

पुढच्या खेपेला स्टेशनवर पोचल्यावर तिनं डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. “आज तुमी जा. मी बाहेर फटफटीपाशी थांबतो.”

दुपारची वेळ. फलाटावर भजीवाला आणि हिंगोलीकडून आलेली थोडी माणसं होती. गाडी लागली. धाकटे दारात उभे होते, आईला शोधत. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा बंद झाला. बारीक झालेच होते. केस अगदी कमी केले होते, डोळ्यांखाली काळं.

“आई कुठं हाय?”

“बाहेर हाय. बरी हाय. तिनंच मले पाठवलं.”

त्यांनी पिशवी घेतली. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरगी व्हय का भाऊ तुमची?” धाकट्यांनी मान वळवली. पुन्हा तेच ऐकायची तयारी त्यांच्या खांद्यांत दिसली.

मी म्हणालो, “माझं धाकटं लेकरू आहे. ते हैदराबादला असतात. कामाला चाललेत.”

म्हाताऱ्याला काय समजलं कोण जाणे, तो “बरं बरं” म्हणत आत सरकला. धाकटे हसले नाहीत. डब्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत राहिले. गाडीनं शिट्टी दिली. फलाटावरची सूचना सुरू झाली आणि माझा आवाज तिच्याखाली दबला. आयुष्यभर माणसांना शांत बसवत आलेला मी, त्या भोंग्याच्या वर आवाज चढवून ओरडून बोलू लागलो. भजीवाला पाहत होता. पाहू दे, असं वाटलं.

“तू विश्वासानं माझ्याजवळ सांगितलं होतंस. ठेवतो म्हणालो अन् ठेवलं नाही. लोकांना हसवायला मी ते वापरलं. मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. तुझी काही चूक नव्हती, माझी होती. घरी ये म्हणायला मी आलो नाही, तो तुझा तू विचार कर. मी एवढंच म्हणायला आलो. माझं चुकलं. मला माफ कर.”