कडू लागलेला पाला

त्या प्रकरणाचा विषय निघाला की निवृत्तीनंतर आजही माझा आवाज चढतो.

बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, माह्या भावाले वहिनीनं जेवणात फवारणीचं औषध घातलं. भाऊ गेला. लवकर या, लोक तिले सोडत नाहीत."

आम्ही पोहोचलो तेव्हा तिला घरात कोंडून जमाव दाराशी उभा होता. तिला बाहेर काढलं. आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

ठाण्यात महिला शिपायासमोर ती सांगू लागली. "तेच जेवण मीबी जेवली. पहाटे त्याईचं पोट दुखून राह्यलं होतं. मग डोळे उघडेनात, जीभ जड झाली. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. दिरानं भगताकडे नेलं. भगतानं कडुलिंबाचा पाला चावाले लावला. त्याईले कडू लागला. मग म्हणे साप नाही, घरातल्यानंच काही खाऊ घातलं."

साप चावला तर पाला गोड लागतो, अशी तिकडे समजूत. एवढ्यावर एक बाई खुनी ठरली होती.

डॉक्टर म्हणाले, "कीटकनाशकाचा वास नाही. कोपराजवळ सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके आहेत. मला मण्यारीचा संशय येतो." मण्यार दिवसा दडते, रात्री उंदीर, पाली, दुसरे सापसुद्धा खाते. दात इतके बारीक, की झोपलेल्याला दंश बहुधा कळत नाही. सूज जवळजवळ नसतेच. विष नसांवर जातं: पापण्या मिटतात, शेवटी श्वास बंद पडतो. चवीवरून ते ओळखता येत नाही.

घरातल्या खोलीत वेचलेला कापूस भरला होता आणि त्याला लागूनच मृताचं अंथरूण. सर्पमित्रानं कापूस उपसला. तळाशी काळी, बारीक पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार निघाली. उंदीर गिळून पोट फुगलेलं.

भगताला बोलावलं. तो म्हणाला, "पाला कडूच लागला ना त्याले? मी का खोटं बोललो?"

एक डहाळी त्याच्यापुढे ठेवली. "चावा. कसा लागतो?"

"कडू."

"त्यालाही तसाच लागला. त्यावरून तुम्ही बाईला खुनी केलंत."

मग दिराला विचारलं, "भगताकडे कोणत्या रस्त्यानं गेलात?"

"ग्रामीण रुग्णालयावरूनच गेलतो साहेब. म्हटलं, आधी खात्री करून घ्यावं."

सापाच्या विषावरची लस त्या रुग्णालयात होती.

व्हिसेराच्या तपासणीत कीटकनाशक आढळलं नाही. भगतावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. बाईला कळवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "साहेब, हे गावात चारचौघांत सांगा. मी सांगतलं त कोणी ऐकत नाही."

मी चावडीपुढे अहवाल मोठ्यानं वाचला. गाव आरोपी हवाली करतं, तेव्हा हा निकाल दिला कोणी, हे आधी विचारायचं, असं मी त्या दिवसापासून ठरवलं. दार अडवणारे सगळे समोरच उभे होते. वाचून झाल्यावर मी थांबलो. तिची माफी मागायला एकही जण पुढे आला नाही.